‘ई!’ म्हणण्यापूर्वी



मृग नक्षत्र लागले की आमच्या अंगणात एक पाहुणा हटकून येतो. ७ जूनच्या आसपास पहिल्या दमदार सरीने माती भिजते आणि लाल मखमलीचा बारीक तुकडा कातरून टाकावा तसा मृगाचा किडा ओल्या जमिनीवरून सावकाश चालू लागतो. गेल्या वर्षी साडेतीन वर्षांची माझी नात त्याच सुमारास पुण्याहून आली होती. चौथ्या मजल्यावर वाढणाऱ्या या मुलीने असा जीव पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती उकिडवी बसली. तिने बोट पुढे केले, तसे किड्याने पाय पोटाशी घेतले. तिनेही बोट मागे घेतले. मग दोघेही काही वेळ स्तब्ध राहिले. किडा पुन्हा चालू लागला, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहण्यासाठी मी हातातला चहा तसाच ठेवून उभी होते.

तेवढ्यात सोप्यातून तिच्या आईचा आवाज आला, “ई! टाक ते आधी. चावेल!”

नातीने आईकडे पाहिले, किड्याकडे पाहिले आणि बोट फ्रॉकला पुसत ती उठली. सायंकाळी तुळशीच्या पानावर एक ढालकिडा दिसला, तेव्हा ती दोन पावले मागे सरकली आणि अगदी आईच्याच सुरात म्हणाली, “ई!” एका सकाळीत धडा पाठ झाला होता. माझ्या मुलीला दोष देण्याचा मला अधिकार नाही. तो ‘ई’ तिनेही लहानपणी कोणाकडून तरी घेतला असणार, आणि मला शंका आहे की तो माझ्याकडूनच घेतला असावा.

मृगाचा किडा माणसाला चावत नाही. त्याला आठ पाय असतात, म्हणून शास्त्राच्या भाषेत तो कीटकही नव्हे. तो कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या कुळातला. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो. पाऊस पडला की वर येऊन वाळवीसारखे बारीक जीव आणि कीटकांची अंडी खातो. म्हणजे तो शेतकऱ्याचा मित्र. एवढे तीन वाक्यांत सांगता आले असते. परंतु आपल्या तोंडून प्रथम बाहेर पडतो तो ‘ई’.

भीती कोठून येते?

वर्षाच्या आतबाहेरचे मूल अनोळखी वस्तू समोर आली की आधी जवळच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहते. तो चेहरा शांत असेल तर ते पुढे जाते, घाबरलेला असेल तर मागे सरते. तुमच्या घरात हे तुम्ही अनेकदा पाहिले असेल.

या संदर्भात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग मला फार उद्बोधक वाटतात. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. रानात वाढलेली माकडे साप पाहून घाबरतात, हे त्यांना दाखविल्यावर काही मिनिटांतच तीही सापाला भिऊ लागली आणि ती भीती टिकून राहिली. दुसरा निष्कर्ष आम्हां डॉक्टरांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. ज्या माकडांना आधी न घाबरणारे माकड सापाजवळ वावरताना दाखविले होते, त्यांतील बहुतेकांना नंतर घाबरलेले माकड पाहूनही भीतीची बाधा झाली नाही. जणू त्यांना लस टोचली गेली होती. माणसाचे मूल म्हणजे माकड नव्हे, हे खरेच. पण पहिला अनुभव शांत माणसाच्या सोबतीने आला तर तो पुढील भीतीपासून संरक्षण देतो, ही गोष्ट घराघरांत पडताळून पाहण्यासारखी आहे.

“पण डॉक्टर, आमच्याकडे खरेच विंचू असतात”

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, कृष्णाकाठी मी अठ्ठावीस वर्षे व्यवसाय करीत आहे. आमच्या भागात उसाच्या फडात घोणस असते, माळावर फुरसे असते, घराच्या भिंतीच्या भेगेत मण्यार आणि उंदरांच्या मागावर नाग असतो. विटांच्या ढिगाखाली तांबडा विंचू असतो. येथे मुलांना ‘सगळे प्राणी आपले मित्र, खुशाल हात लावा’ असे सांगणे हा अपराध ठरेल. मग भीती घातलेलीच बरी नाही का? मलाही एके काळी तसेच वाटत असे. एका मुलाने माझे मत बदलले.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, दिवेलागणीची वेळ. वाळवा तालुक्यातील एका वस्तीवरून सहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई आली. दुपारपासून उलट्या होत होत्या. जत्रेतले खाणे बाधले असावे, असे तिचे म्हणणे. मूल घामाने निथळत होते, हातपाय बर्फासारखे गार, नाडी जलद. अपचनाने असे होत नाही. मी दोनदा विचारले, “काही चावले का रे?” त्याने दोनदा मान हलविली, नाही. मी आईला पाणी आणण्याच्या निमित्ताने बाहेर पाठविले आणि त्याच्या कानाशी वाकून पुन्हा विचारले. तेव्हा तो पुटपुटला, “गोठ्यामागची वीट उचलली हुती म्या. मुंगळ्यांचं घर बघायचं हुतं. आईला सांगू नगा, मारंल ती.”

उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात बारीकशी लाली होती. विंचू चावून दोन तासांहून अधिक वेळ झाला होता. आदल्या आठवड्यात वीट उचलल्याबद्दल त्याला मार बसला होता. म्हणून त्याने या वेळी वेदना गिळली, रडणे गिळले. ज्या भीतीने त्याचे रक्षण व्हावे अशी आईची इच्छा होती, त्याच भीतीने त्याचे दोन तास खाल्ले.

तांबड्या विंचवाचे विष लहान मुलाच्या हृदयावर आघात करते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवर वर्षानुवर्षे काम करून या विषाची लक्षणे नेमकी नोंदविली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध येथे जीव वाचवू शकते, हे १९८० च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या त्या कामामुळेच माझ्यासारख्या खेड्यातील डॉक्टरच्या कपाटात त्या गोळ्या होत्या. पहिली मात्रा देऊन मी मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला.

आठवड्याने आई त्याला दाखवायला घेऊन आली. त्याच्या हातात हातभर लांबीची काठी होती. मी विचारले, तेव्हा ती माऊली म्हणाली, “बघायचं काय तो थांबत न्हाई, डॉक्टर. मग म्हटलं, हातानं नगं, काठीनं बघ. आन् मला हाक मारून बघ.” वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला याहून चांगला सल्ला आढळलेला नाही.

थांब, बघ, सांग

तिच्या त्या सल्ल्यावरून मी पालकांसाठी तीन शब्द ठरविले आहेत. ते दोन वर्षांच्या मुलालाही कळतात.

थांब : कोणताही जीव दिसला की पाऊल आणि हात जागच्या जागी. माणूस स्थिर राहिला की बहुतेक प्राणी आपल्या वाटेने निघून जातात.

बघ : पळायचे नाही, मारायचे नाही, डोळ्यांनी हवे तेवढे पाहायचे. पाय किती, पंख आहेत का, कोठे चालला आहे, काय नेतो आहे?

सांग : काय दिसले ते घरी येऊन सांगायचे, चावले, टोचले तर त्याच क्षणी सांगायचे. या तिसऱ्या शब्दाची जबाबदारी मात्र मुलावर नाही, आपल्यावर आहे. “सांगितलेस तर मी रागावणार नाही” हे वचन आपण द्यायचे आणि एकदाही मोडायचे नाही.

बत्तीस शिराळ्याचे उदाहरण येथे आठवते. सांगली जिल्ह्यातील या गावात नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक करण्याची प्रथा पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाने नाग पकडण्यास मनाई केली आणि पूजा प्रतिमेची होऊ लागली. श्रद्धेच्या वादात मी शिरणार नाही. आई म्हणून आणि डॉक्टर म्हणून मला एवढेच वाटते की, सापाविषयी आदर बाळगणे ही आपल्या मातीची मोठी शिकवण आहे आणि तो आदर दुरून बाळगता येतो. हाताळण्याची सवय म्हणजे सुरक्षितता नव्हे.

अंगणाने दिलेले आरोग्य

मूल बाहेर मातीत, गवतात, झाडाखाली रमले तर त्याच्या शरीरालाही लाभ होतो. चीनमधील ग्वांगझू येथे सहा-सात वर्षांच्या शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे अधिक काळ उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे कमी दिसू लागले होते. नेहमीप्रमाणे शाळा करणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनलंडमध्ये बालवाड्यांच्या अंगणात जंगलातील माती आणि हिरवळ आणून घातली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील रोगप्रतिकाराशी निगडित काही घटकांत अनुकूल बदल दिसले. हा अभ्यास ७५ मुलांचा, म्हणजे लहानच आहे. त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण मातीला शत्रू समजण्याचे कारण नाही, इतके त्यातून नक्की कळते.

याशिवाय मन लावून पाहण्याचा लाभ आहेच. वाळूत उलट्या शंकूसारखे खड्डे करून तळाशी मुंगीची वाट पाहत बसणारा किडा पाहायला मूल वीस मिनिटे स्थिर बसते. त्याच मुलाविषयी ‘हा एका जागी बसतच नाही’ अशी तक्रार माझ्याकडे आलेली असते. कुंभारमाशी चिखलाचे मडके कसे घडविते, शेणकिडा गोळा मागच्या पायांनी का ढकलतो, गोगलगाय कोठे गेली हे तिच्या ओल्या रेघेवरून कसे ओळखावे, या प्रश्नांना मोबाईलच्या पडद्यावर शोधावे लागत नाही. पावसाळ्यात कास पठारावर गेलात तर फुलांचे छायाचित्र घेण्याआधी मुलाला खाली बसवून दवबिंदू नावाची वनस्पती दाखवा. तिच्या पानांवरील चिकट थेंबांत अडकलेले चिलट ती पचवून टाकते. किड्याला खाणारे झाड! सातारा शहरापासून अवघ्या २५ किलोमीटरवर हे नवल आहे. २०१२ पासून कास हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. मात्र आपले पाऊल ठरवून दिलेल्या वाटेवरच राहू द्यावे.

पालकांनी ध्यानात ठेवाव्यात अशा गोष्टी

मृगाचा किडा, ढालकिडा, चतुर, नाकतोडा, काजवा, फुलपाखरू, गांडूळ, गोगलगाय यांना मुलाने शांतपणे पाहण्यास हरकत नाही. पाहून झाल्यावर हात साबणाने धुवावेत. केसाळ सुरवंट, गोम, गांधीलमाशी, मोहोळ, विंचू आणि कोणताही साप, मग तो बिनविषारी धामण का असेना, यांना दुरून पाहावे. मोठ्या माणसांनाही सापाची जात नेहमी ओळखता येत नाही.

बाहेर पडताना पायात बंद चपला किंवा बूट असावेत आणि ते घालण्याआधी झटकावेत. अंधारात विजेरी हवीच. वीट, दगड, सरपण हाताने उचलू नये. भेगेत, बिळात बोट घालू नये. पावसाळ्यात मुलांना जमिनीवर झोपवू नये आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा झोपेतच होतो.

आणखी दोन धोके आहेत, ज्यांना आपण किड्यांइतके भीत नाही. वस्तुतः अधिक भ्यायला हवे. एक, पाणी. बेडकाची पिल्ले पाहण्याच्या नादात मूल शेततळ्याच्या, विहिरीच्या, कालव्याच्या काठाशी जाते. तेथे मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच. दुसरा, फवारणी. तासगावकडील द्राक्षबागा असोत की आपला भाजीचा वाफा, औषध मारलेल्या रानात मुलाला सोडू नये आणि औषधाचे रिकामे डबे घरात वापरू नयेत.

चावले तर

केसाळ सुरवंट लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी लावून उचलावी म्हणजे केस निघतात. नंतर साबणाने धुवावे. मधमाशीचा काटा दिसल्यास वेळ न घालवता काढावा आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, धाप लागली, उलटी झाली किंवा मूल मलूल पडले तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे.

विंचू चावल्यास लहान मुलाला प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे न्यावे. वेदना कमी आहे म्हणून धोका कमी, असे समजू नये. उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय, आणि लहान मुलग्यांत लिंग ताठ राहणे ही विष भिनल्याची लक्षणे आहेत.

सापाने दंश केल्यास मुलाला धीर द्यावा, चालवू नये. वाळे, बांगड्या, अंगठी काढावी. हात किंवा पाय लाकडी पट्टीच्या आधाराने स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये आणि साप पकडण्यात वेळ दवडू नये. १०८ ला दूरध्वनी करावा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच संयुक्त प्रतिविष चालते. आपल्या जवळच्या कोणत्या शासकीय रुग्णालयात ते मिळते, हे आजच विचारून ठेवा. पहाटे अचानक पोटात कळ, पापण्या जड होणे, बोबडे बोलणे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण दिसत नसली तरी मण्यारीचा विचार करावा.

गवतात खेळून आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानांमागची त्वचा पाहावी. गोचीड चिकटलेली असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये. ताप हटत नसेल आणि अंगावर विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना अवश्य दाखवावी. गवतातील सूक्ष्म किडीमुळे होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची ती खूण असू शकते आणि वेळेवर ओळखल्यास तो साध्या औषधाने बरा होतो.

राहिली माझी नात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सर आली. मी तिला उठविले नाही. एकटीच अंगणात जाऊन ओल्या मातीपाशी बसले आणि पाहत राहिले. गुडघे कुरकुरत होते. थोड्या वेळाने पाठीमागे पावले वाजली, थबकली. “आजी, ई आहे का?” मी म्हटले, “नाही गं. मखमल आहे. ये, बघ.” ती आली, पण लगेच बसली नाही. माझ्या खांद्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग हळूच बसली. बोट पुढे करायला तिला आणखी चार दिवस लागले. आणि त्या चौथ्या दिवशी तिची आईही आमच्याजवळ येऊन उकिडवी बसली होती.

या पावसाळ्यात तुमचे मूल मूठ उघडून काही दाखवायला धावत येईल. तोंडून शब्द निघण्याआधी एक श्वास घ्या, खाली बसा आणि आधी त्याच्या मुठीत काय आहे ते पाहा.